जोर्वेची खापरं: नक्षीच्या तुकड्याआधी जाडाभरडा तुकडा उचला

शिरूर तालुक्यातल्या एका शिक्षकांनी विचारलं आहे: "आमच्या शाळेजवळ नदीकाठी पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं, टेकाड आहे. पावसाळा संपला की मुलं तिथून लाल रंगाची, काळ्या रेघांची खापरं आणतात. ही इनामगावच्या काळातली असतील का? तेव्हाचं गाव कसं होतं, मडकी कोण आणि कशी करायचं? आणि एवढ्याशा तुकड्यावरून तुम्हाला गावाची माहिती कळते तरी कशी?"

सर, खापर हातात घेतल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, पण शक्यता चांगली आहे. तापी, गोदावरी, प्रवरा, भीमा आणि त्यांच्या उपनद्यांच्या काठांवर जोर्वे संस्कृतीची, म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी वस्त्यांची, दोनशेहून अधिक ठिकाणं नोंदलेली आहेत, आणि इनामगाव तर तुमच्याच तालुक्यात घोड नदीवर आहे. मात्र एक लक्षात ठेवा. नदीकाठची उंचवट्याची, पुरापासून सुरक्षित जागा माणसं सहसा सोडत नाहीत. पुन्हा पुन्हा तिथेच वस्ती होते, आणि नंतर नांगर सगळ्या थरांची सरमिसळ करतो. त्यामुळे मुलांच्या एकाच ओंजळीत तीन हजार वर्षांपूर्वीचं खापर, सातवाहनकाळातलं खापर आणि कुणाच्या तरी पणजीची फुटलेली घागर असं सगळं एकत्र येऊ शकतं.

मुलांनी नक्षीचे तुकडे उचलले असतील आणि जाडे, काळपट तुकडे तिथेच टाकून दिले असतील. सगळेच असं करतात. माझं सगळं काम खापरं धुणं, निवडणं, जोडणं आणि त्यांची नोंद करणं यातच झालं, आणि त्यावरून माझं मत ठाम आहे: त्या काळचं गाव समजून घ्यायचं असेल तर नक्षीच्या वाडग्याइतकंच, किंबहुना जास्तच, लक्ष हाताने घडवलेल्या जाड्याभरड्या भांड्याकडे द्यायला हवं. नक्षीचं भांडं काळ सांगतं. जाडं भांडं घर सांगतं. उत्तराचा मोठा भाग मी त्याच्यासाठी ठेवला आहे, पण ओळख पटवण्यासाठी सुरुवात नक्षीच्या भांड्यापासूनच करावी लागेल.

आधी ओळख

जोर्वे हे संगमनेर तालुक्यातलं प्रवरेकाठचं गाव. तिथे १९५०-५१ साली डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. तिथे सापडलेल्या विशिष्ट लाल भांड्यांवरून या संस्कृतीला गावाचंच नाव मिळालं. पुढे नेवासे, दायमाबाद, चांडोली, प्रकाशे अशा ठिकाणी तीच भांडी मिळत गेली. इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात काम केलं. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली हे उत्खनन झालं, आणि १३०हून अधिक घरं उघडी पडली. महाराष्ट्रातलं ताम्रपाषाणकालीन (तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरायच्या काळातलं) गाव एवढ्या मोठ्या क्षेत्रावर उलगडून पाहायला मिळालं ते इथेच. त्यामुळे पुढे मी जे सांगणार आहे ते बहुतेक इनामगावच्या आधारानेच.

इनामगावात तीन काळ ओळखता येतात: इ.स.पू. १६०० ते १४०० माळवा, १४०० ते १००० पूर्व जोर्वे, आणि १००० ते ७०० उत्तर जोर्वे. माळव्याच्या खापराचा लेप पिवळसर किंवा नारिंगी असतो, त्यावर गडद तपकिरी-काळी नक्षी, तिच्यात कधी प्राणीही दिसतात. जोर्वेचं खापर लाल, चकाकी नसलेलं, आणि त्यावरची काळी नक्षी जवळजवळ सगळी भौमितिक: तिरप्या समांतर रेघा, जाळी, शंकरपाळे, नागमोडी पट्टे.

एकट्या रंगावर मात्र विसंबू नका. तुकड्यावर काजळी नसेल तर तो धुऊन सावलीत वाळवा (ब्रशने घासू नका, नक्षी निघून जाते). मग तीन गोष्टी बघा. तुकड्यावर टिचकी मारा. चांगलं भाजलेलं जोर्वेचं खापर धातूसारखं खणखणतं. फुटलेली कड बघा. माती बारीक, एकसारखी असते, खडा क्वचितच लागतो. आणि आतली बाजू तिरप्या उजेडात धरा. चाकावर बोटं फिरल्याच्या बारीक आडव्या रेषा दिसतील. काठाचा तुकडा असेल तर काम आणखी सोपं. जोर्वेच्या वाडग्याला पोटाच्या मध्यावर ठसठशीत कंगोरा असतो, आणि तोटीच्या भांड्याचं तोंड बाहेरच्या बाजूला चांगलं फाकलेलं असतं. हे दोन आकार एकदा डोळ्यांत बसले की पुन्हा चुकत नाहीत.

काळी माती आणि तिचा त्रास

मडकी कशी करायचे या प्रश्नाची सुरुवात चाकापासून होत नाही, मातीपासून होते. घोडकाठची जमीन काळी आहे, बेसॉल्ट झिजून झालेली. पिकाला ती उत्तम, पण मडक्याला एकटी कामाची नाही. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, आणि कितीही जपून सावलीत वाळवा, भांड्याला तडे जातात. म्हणून तिच्यात नदीचा पोयटा, बारीक वाळू, राख किंवा भुसा असं काहीतरी मिसळावं लागतं. आपल्याकडचे कुंभार आजही हेच करतात. कुणी राख वापरतो, कुणी घोड्याची लीद. प्रमाण विचारलं तर सांगत नाहीत, हातात गोळा देतात आणि म्हणतात, बघा दाबून.

दुसरा त्रास चुनखडीचा. या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात. मडकं भाजताना खड्याचा कळीचा चुना होतो. आव्यातून, म्हणजे मडकी भाजायच्या भट्टीतून, काढताना मडकं धड दिसतं, पण पुढे हवेतली ओल त्या चुन्याला लागते, तो फुगतो आणि मडक्याच्या अंगावरून टिकलीएवढा पापुद्रा उडतो. खाली पांढरा ठिपका दिसतो. पाणी भरायच्या भांड्याला असा ठिपका पडला की ते गेलंच. यावर उपाय एकच: माती पाण्यात कालवून ठेवायची, जड खडे तळाला बसू द्यायचे आणि वरचं बारीक गाळपाणी वेगळं काढून आटवायचं. जोर्वेच्या नक्षीदार भांड्यांची माती अशी निवळून घेतलेली आहे. त्यामागे खड्डे, पाणी, उन्हाचे दिवस आणि थांबण्याची तयारी लागते. शेतीच्या घाईत जाता जाता उरकायचं हे काम नव्हे, आणि पावसाळ्यात तर ते होतच नाही. म्हणूनच हे काम ज्यांना जमायचं ते त्यात मुरलेले लोक होते, असं मी मानते.

चाक, थापटणं, तोटी

लाकडामातीचं चाक तीन हजार वर्षं टिकत नाही. त्याचा पुरावा भांड्याच्या पोटातच शोधावा लागतो. जोर्वेच्या लोट्यासारख्या गोल बुडाच्या भांड्याचा मोठा तुकडा मिळाला तर आतून बोट फिरवून बघा. गळ्याजवळ आणि खांद्याशी चाकाच्या रेषा स्पष्ट लागतात, पण बुडाकडे जाताना त्या पुसट होतात. गोल बूड चाकावरून थेट उतरत नाही. आधी जाड, सपाट बुडाचं भांडं दोऱ्याने कापून उतरवतात, ते थोडं आवळलं की आतून दगडाचा गुळगुळीत गोळा धरून बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत बूड गोल आणि पातळ करत नेतात. ठोकताना आतल्या रेषा दबतात. आपल्याकडच्या कुंभारवाड्यात सकाळी जो थापटण्याचा ठेका ऐकू येतो तो याच कामाचा.

तोटीचा तुकडा मिळाला तर तो मला सर्वांत आवडतो. तोटी वेगळी वळून मग भांड्याला चिकटवलेली असते. भांड्याच्या खांद्याला बाहेरून भोक पाडताना माती आत ढकलली जाते आणि भोकाच्या आतल्या कडेला तिचा ओठ उभा राहतो. चांगला कारागीर तो बोटाने सारखा करतो. पण तोटीच्या भांड्याचं तोंड किती मोठं, हात कितपत आत जातो, यावर ते अवलंबून असतं. काही तुकड्यांत तो ओठ तसाच राहिलेला दिसतो, काहींत बोट अर्धवट फिरवलेलं दिसतं आणि तिथे बोटाचा दाब उमटलेला असतो. बाहेरून मात्र जोड अगदी सफाईने लिंपलेला असतो, वर लेप आणि नक्षी. जे दिसणार होतं तिथे काळजी, जे दिसणार नव्हतं तिथे घाई. काम भराभर आणि संख्येने होत होतं याची ही खूण आहे. घरापुरतं एखादं भांडं करणारा माणूस आतूनही निगुतीने पुसून घेतो.

आवा

इनामगावात मडकी भाजायची गोल भट्टी सापडली आहे. भट्टी असणं म्हणजे आच हातात असणं. उघड्यावर गोवऱ्या, काटक्या, गवत रचून भाजलं तर साधारण ६०० ते ८५० अंशांपर्यंत उष्णता जाते, पण ती एकसारखी नसते. वारा आला की एक बाजू जास्त तापते, दुसरी कच्ची राहते. बंदिस्त भट्टीत उष्णता टिकते, हवा किती आत सोडायची ते ठरवता येतं. हवा भरपूर मिळाली की मातीतलं लोह लाल होतं. कमी मिळाली की खापर करडं, काळपट होतं. फुटलेल्या कडेवर लाल-काळा-लाल अशी पट्टी दिसली तर समजावं की आतला भुसा, शेण पूर्ण जळायच्या आधीच आच संपली. सरपण जपून वापरलं असणार, किंवा घाई असणार.

नक्षीच्या काळ्या रंगाबद्दल मुलं विचारतील. कोळशाने काढलेली रेघ आव्यात जळून जाते. निव्वळ लोहाचा रंग भरपूर हवेत भाजला की लालच होतो. लाल भांड्यावर काळी रेघ भाजल्यावरही काळी राहायची असेल तर मँगनीज असलेला खनिज रंग हा भरवशाचा मार्ग, आणि नक्षी भाजण्याआधीच काढावी लागते. जुन्या खापरावर नक्षी खरवडून जाते की टिकते, यावरून ती भाजण्याआधीची की नंतरची हे कळतं. जोर्वेची नक्षी भाजण्याआधीची आहे.

आता जाडं खापर

उत्खननात जाडी, हाताने घडवलेली लाल किंवा करडी खापरं ढिगाने निघतात. त्यांच्यावर लेप नसतो, असला तरी जेमतेम. भिंतीची जाडी एका जागी एक, दुसऱ्या जागी दुसरी. मातीत भुसा इतका की भाजल्यावर तो जळून जागोजागी पोकळ्या राहिलेल्या दिसतात. भिंग लावून बघा. त्या पोकळीत कधी कधी तुसाचा, कोंड्याचा, क्वचित एखाद्या दाण्याचा ठसा अगदी शिरांसकट उमटलेला असतो. दाणा कधीच जळून गेला, त्याचा साचा राहिला. वनस्पतींचे अभ्यासक अशा ठशांवरून पीक ओळखतात. इनामगावात जळालेले दाणेही मिळाले आहेत: मुख्य पीक सातू, जोडीला गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ, वाल आणि लाख. बोरंही खात होते.

भुसा का घालायचा? चुलीवरच्या भांड्याला बुडाखाली आच आणि वर थंड पाणी, असा ताण सोसायचा असतो. दाट, बारीक मातीचं भांडं त्यात तडकतं. पोकळ्या असलेली भरड भिंत तो ताण सहन करते, कारण तडा गेला तरी पोकळीपाशी येऊन थांबतो. म्हणून चुलीवरचं काम बहुतेक जाड्या भांड्याचं, आणि वाढायचं, प्यायचं, ओतायचं काम नक्षीच्या भांड्याचं. तुमच्या मुलांना सांगा, तुकड्याच्या बाहेरच्या बाजूला काजळी धरली आहे का बघा. काजळी असेल तर तो तुकडा न धुता वेगळा ठेवायचा, कारण त्याच्या आतल्या थरात शिजलेल्या अन्नाचे अंश असू शकतात.

धान्याचे मोठे रांजणही याच मातीचे. त्यांच्या खांद्यावर मातीची पट्टी चिकटवून ती बोटांनी दाबत नेलेली असते. पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते, आणि दिसतेही छान, पण तिचं पहिलं काम वेगळं आहे. एवढं मोठं भांडं एका बैठकीत उभं राहत नाही. खालचा भाग घडवायचा, आवळू द्यायचा, मग वर वळकट्या लावत चढवायचं. दोन टप्प्यांचा जोड जिथे येतो तिथे पट्टी लावून तो मजबूत करतात, आणि रांजण हलवताना हाताला पकडही मिळते. पट्टीवरचे बोटांचे दाब मोजून पाहिले तर एका हाताची चाल कळते: ठरावीक अंतर, ठरावीक खोली, आणि मग एका जागी अंतर बदलतं, कारण करणारी व्यक्ती रांजणाच्या दुसऱ्या बाजूला गेली किंवा दुसऱ्या कुणीतरी काम हाती घेतलं.

ही व्यक्ती कोण? चाकावरची भांडी आणि हाताने घडवलेले रांजण ही दोन वेगळी कामं आहेत, वेगळी कसबं आहेत. आज आपल्याकडे परंपरेने चाक पुरुषाच्या हाती आणि माती तयार करणं, लिंपणं, रंगवणं यात घरातल्या बायकांचा मोठा वाटा असतो. चुली, शेगड्या, घरातल्या मातीच्या कणग्या बायकाच घालतात. त्यामुळे इनामगावचे रांजण घराघरांतल्या बायकांनी घडवले असावेत असं म्हणायचा मोह होतो, आणि मला ते शक्यही वाटतं. पण आजच्या रीतीवरून तीन हजार वर्षांपूर्वीची रीत ठरवणं हा पुरावा नव्हे. ओल्या मातीत उमटलेल्या बोटांच्या ठशांतल्या रेघांची जाडी मोजून करणाऱ्याचं वय आणि लिंग यांचा अंदाज घेण्याची पद्धत जगात वापरली जाते. खरं उत्तर त्या वाटेने मिळेल. म्हणूनच मी म्हणते, जाडी खापरं टाकू नका. ठसे त्यांच्यावरच जास्त असतात.

घर

पूर्व जोर्वे काळातलं इनामगावचं घर लांबट चौकोनी: ठेंगण्या मातीच्या भिंती, वर काटक्यांचा कूड, त्यावर लिंपण, गवताचं छप्पर. आत चूल, बाहेर अंगण. जमिनीवर कधी चार चपटे दगड चौकोनात मांडलेले सापडतात. चार पायांचा मोठा रांजण त्यांवर उभा राहायचा, म्हणजे बुडाला ओल लागत नाही आणि उंदीर-वाळवीचा त्रास कमी. रांजण फुटून गेला असला तरी दगड जागेवर राहतात, आणि घरात धान्य कुठे असायचं ते कळतं. जमिनीखाली धान्य साठवायची पेवं होती, काही चुन्याने लिंपलेली. गावात चुना भाजण्याचंही काम चालायचं; ज्या चुनखडीने कुंभाराला छळलं तीच इथे कामी आली.

वस्तीच्या मधोमध पाच खोल्यांचं एक मोठं घर होतं आणि त्याला लागून धान्याचं कोठार. नदीच्या पाण्यासाठी खोदलेला पाट आणि बांधही सापडला आहे. आपल्या या कमी पावसाच्या पट्ट्यात हिवाळी पिकाला पाणी मिळणं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. एका कुटुंबाने पाट खोदला जात नाही. कुणीतरी माणसं जमवली, काम वाटून दिलं, पाण्याच्या पाळ्या ठरवल्या. मोठ्या घरात गावाचा प्रमुख राहत असावा आणि कोठारात सगळ्यांकडून आलेलं धान्य साठत असावं, हा उत्खननकर्त्यांचा निष्कर्ष मला पटतो.

कुंभार, चुना भाजणारे, सोनार असे कारागीर वस्तीच्या पश्चिम कडेला राहत होते असंही त्यांनी मांडलं आहे. आवा कडेला असणं समजण्यासारखं आहे: धूर, ठिणग्या, आणि मधे गवताची छपरं. पण एवढ्यावरून तिथे बलुतेदारी होती, जाती होत्या असं मुलांना सांगू नका. कामाची विभागणी दिसते. कोण कुणाच्या हातचं पाणी प्यायचं ते खापर सांगत नाही.

जमिनीखालची मडकी

या भागाबद्दल मुलांशी कसं बोलायचं ते तुम्ही ठरवा, पण तो वगळून हे गाव समजणार नाही. इनामगावात दोनशेहून अधिक दफनं मिळाली. दगावलेल्या लहान मुलांना घरातच पुरत. जमिनीत खड्डा घेऊन दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवायची, आत मूल. ही मडकी बहुतेक जाडीभरडी, करडी, म्हणजे धान्य साठवायच्या नि रांधायच्या भांड्यांच्याच जातीची. सोबत नक्षीचं वाडगं, तोटीचं भांडं ठेवलेलं असतं. पुरल्यावर जमीन सारवून घेतली जायची आणि घर पुढे चालू राहायचं. मोठ्या माणसांना उत्तरेकडे डोकं करून सरळ निजवत, आणि त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. का, यावर मतं आहेत. मृताने परत फिरू नये म्हणून, हे त्यांतलं प्रसिद्ध मत.

एक दफन मात्र वेगळं आहे. त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मातीचा चार पायांचा मोठा रांजण पुरलेला होता आणि त्यात साधारण चाळिशीच्या पुरुषाला मांडी घालून बसवलेलं होतं. त्याचे पाय तोडलेले नव्हते. हा रांजण भाजलेला नाही, कच्च्या मातीचा आहे. धान्य ठेवायच्या चार पायांच्या रांजणाची आणि याची घडण एकाच कुळातली. ज्या घराकडे गावाचं धान्य होतं त्या घरातला माणूस धान्याच्या रांजणासारख्या रांजणात बसवला गेला, हे मला योगायोग वाटत नाही.

कच्ची माती तिथे आणखी एका जागी दिसते. एका घराच्या जमिनीखाली झाकणाचा मातीचा करंडा मिळाला. त्यात डोकं नसलेली स्त्रीमूर्ती, झाकणावर डोकं असलेली दुसरी स्त्रीमूर्ती, आणि सोबत एक बैल. सगळं न भाजलेलं. ज्या गावाला उत्तम भट्टी लावता येत होती त्या गावाने या वस्तू मुद्दाम कच्च्या ठेवल्या. त्या कायम टिकवायच्या नव्हत्या, एका विधीपुरत्या होत्या, असा त्याचा अर्थ लावला जातो.

उतार

इ.स.पू. १०००च्या सुमारास जोर्वेच्या बहुतेक वस्त्या ओस पडल्या. इनामगाव टिकलं, पण बदललं. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शिकारीचं प्रमाण वाढलं. भांड्यांचे आकार तेच राहिले, पण माती भरड झाली, नक्षी ओबडधोबड झाली. पाऊस कमी झाला म्हणून हे घडलं असं ढवळीकरांनी मांडलं. हवामान खरंच तेव्हा बिघडलं का, यावर आता एकमत नाही. खापरापुरतं मी एवढं सांगेन की माती निवळायला पाणी लागतं, भट्टीला सरपण लागतं, आणि कुंभाराला पोसायला धान्य उरावं लागतं. या तिन्हींपैकी काहीही कमी पडलं तरी खापर भरड होतं, त्यामुळे एकट्या खापरावरून दोष पावसावर टाकता येत नाही. इ.स.पू. ७००च्या सुमारास गाव सुटलं.

मुलांना काय करायला सांगाल

टेकाडावर खणू देऊ नका, अगदी काठीनेही नाही. थर एकदा उसकटला की परत लावता येत नाही, आणि थराविना खापराचा निम्मा अर्थ जातो. वर पडलेलं जागच्या जागी बघायला शिकवा. टेकाडाचे चार भाग कल्पून प्रत्येक भागात नक्षीचे किती, साधे लाल किती, जाडे किती, काजळीचे किती असं मोजून वहीत लिहायला सांगा आणि तुकडे तिथेच ठेवा. कुठे जाड्या रांजणांचे तुकडे दाट आहेत, कुठे वितळून वेडीवाकडी झालेली, एकमेकांना चिकटलेली खापरं आणि लालभडक भाजलेली माती आहे, हे आपोआप दिसेल. असे वेडेवाकडे तुकडे आव्याजवळच टाकतात, तेव्हा ते एका जागी दिसले तर ती जागा फोटो काढून, दिशा नोंदवून ठेवा.

आधी आणलेली खापरं फेकू नका. पिशवीत टेकाडाची कोणती बाजू आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी टाका, आणि फोटोंसह पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाला कळवा. डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात इनामगावच्या वस्तू आहेत. सहल काढलीत तर मुलांना आधी तोटीच्या भांड्यापाशी न्या, पण परत निघण्याआधी जाड्या रांजणापाशीही थांबवा आणि त्याच्या खांद्यावरच्या बोटांचे दाब नीट बघायला सांगा.